मरवाले तायडेसाहेब

तायडेसाहेबांच्या खिशात कायम एक काडेपेटी असे. ते विडी ओढत नसत. काडेपेटीत काड्यांऐवजी दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा असे. अकोल्याहून बार्शीटाकळीच्या रस्त्याने सायकलवर जाताना कुणाच्याही वावरात मान टाकलेलं कपाशीचं झाड दिसलं की ते सायकल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवी टाकत, झाड मुळासकट उपटत आणि पात्याने खोड उभं चिरून आत बघत. सालीखाली तपकिरी रेघ असली की जीभ टाळ्याला लावून 'च्च' करत. मालक हातवारे करत धावत येई. साहेब त्याच्यापुढे ते चिरलेलं खोड धरत.

"हे पाहा भाऊ. ह्या नळीतून झाड पानी पेते. बुरशीनं नळी बुजवली. झाड तहानेनं मेलं. तुमी म्हनून राह्यले, पाऊस कमी पडला."

मालकाचा राग तिथेच संपे. मग दोघं धुऱ्यावर बसून बोलत, आणि मी मागे सायकल धरून उन्हात उभा असे. त्या भागातले लोक त्यांना 'मरवाला साहेब' म्हणत, कारण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, त्या रोगाला 'मर' म्हणतात. नवख्याला ते नाव अशुभ वाटे. साहेबांना त्याचं काही वाटत नसे.

मी अमरावतीचा. वडील वकील. अठ्ठावन्न साली नागपूरहून पदवी घेऊन आलो आणि अकोल्यात पिकांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत कनिष्ठ साहाय्यक म्हणून लागलो. दौलतराव तायडे तिथे वरिष्ठ साहाय्यक होते. वय पस्तीस, पण दिसायला पंचेचाळिशीचे. काटकुळे, सावळे, स्पिरिटच्या दिव्याने भोकं पडलेला पांढरा सदरा. बसताना हमखास "थकलो बाप्पा" म्हणायचे, आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा उठायचे. आपली पाण्याची सुरई ते स्वतःच्या टेबलाखाली ठेवत. व्हरांड्यातल्या माठाकडे जात नसत. पहिले काही आठवडे मला वाटलं, माणूस जरा सोवळा दिसतो. मग एका कारकुनाने मला बाजूला घेऊन 'समजावून' सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घराने बौद्ध धर्म घेतला होता. त्यामुळे गावात पुष्कळ बदललं होतं. आमच्या व्हरांड्यातला माठ मात्र जिथल्या तिथे होता.

मी रुजू झालो ते मे महिन्यात. दुपारी दोनला प्रयोगशाळेच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये ते मला पहिल्यांदा भेटले. आत भट्टीसारखं तापलं होतं. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, आणि हा माणूस बुरशीच्या परीक्षानळ्या एका लाकडी खोक्यात नीट रांगेत उभ्या करत होता.

"साहेब, बुरशी पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर वाढवतात ना?" मी नुकतंच पुस्तक वाचून आलो होतो.

"वाढवतात. मी वाढवून नाई राह्यलो."

"मग?"

"पाहून राह्यलो, मरते कोन अन् राहते कोन." त्यांनी कपाळ पुसलं. "देशपांडे, आपली बुरशी अकोल्याच्या मातीतली हाये. मे महिन्यात वरची माती हात लावू देत नाई. तरी जून लागला का ही जित्ती. हिले ऊन सोसाचं कोनं शिकवलं, ते मले पाह्यचं हाये."

या माणसाबरोबर मी पुढे चार वर्षं काम केलं. थकवा म्हणजे काय ते मला तिथेच कळलं. हमालाचा थकवा झोपेने जातो. यांचा झोपेने जाणारा नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेत मर रोगाच्या बुरशीचा एक जुना वाण होता. सात वर्षांपूर्वी एका रोगट झाडातून काढलेला. दर महिन्याला एका नळीतून दुसऱ्या नळीत, बटाट्याचा काढा आणि साखर अशा खाद्यावर तो जपला जाई. दिसायला देखणा, पिंजलेल्या कापसासारखा पांढराशुभ्र. कपाशीचा नवा वाण तयार झाला की त्याची रोपं याच बुरशीच्या मातीत लावायची. रोपं जगली तर वाण मर सोसणारा ठरायचा.

तायडेसाहेबांनी एका पावसाळ्यात मुकाट्याने दोन ओळी कुंड्या मांडल्या. दोन्हींत हमखास मरणारी जुनी कपाशी. एका ओळीत प्रयोगशाळेची पांढरी बुरशी, दुसऱ्या ओळीत त्यांनी त्याच महिन्यात वावरातून आणलेली, जांभळट झाक असलेली. दुसऱ्या ओळीतलं एकही रोप वाचलं नाही. पहिल्या ओळीतली बहुतेक रोपं टवटवीत होती. कुठे एखादं पान पिवळं.

"पाह्यलं?" ते कुंडीच्या काठावर बसले. "सात वर्षं हिले बटाटे अन् साखर खाऊ घातली. हिनं पऱ्हाटीचं तोंड नाई पाह्यलं, उपास नाई पाह्यला, ऊन नाई पाह्यलं. आता हिले मारता येत नाई. लाडानं वाढलेलं पोरगं आपन आखाड्यात उतरवतो, अन् म्हनतो आपला पहेलवान जिंकला."

मला ते ऐकून मजा वाटली. त्याचा अर्थ काय होतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या आलं होतं. 

पण त्यांना खरं खेचत होतं ते त्याच्या पलीकडचं. सुखात वाढलेली बुरशी उन्हातही लवकर मरते आणि झाडालाही मारू शकत नाही. हे दोन गुण एकदमच का जातात? त्यांचा तर्क असा, की ऊन सोसण्याची ताकद आणि रोग करण्याची ताकद बुरशीत वेगवेगळी नसावी. दोन्हींवर एकाच आनुवंशिक घटकाची, एकाच जीनची, हुकमत असावी. हा 'जीन' शब्द तेव्हा आम्हालाही नवाच होता. वऱ्हाडात जीन म्हणजे सरकी काढण्याचा कारखाना. त्यांचे वडील जन्मभर अकोल्याच्या एका जिनात रुई उचलत होते, आणि त्याच रुईच्या धुळीने छाती भरून गेले. एकदा मी साहेबांच्या गावी गेलो होतो. त्यांच्या आईने विचारलं, "हा तुमच्या हापिसात करते काय?"

मी म्हटलं, "जीनवर संशोधन करतात."

म्हातारीने हातातलं सूप खाली ठेवलं. मग मुलाला म्हणाली, "एवढं शिकवलं तुले बाबू, अन् तू बी जिनातच गेला?"

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

तर्क सिद्ध करायचा तर बुरशीत मुद्दाम बदल घडवायला हवा होता. त्यासाठी अतिनील किरणांचा दिवा लागतो, आणि तो आमच्याकडे नव्हता. अमरावतीला माझे काका त्वचारोगांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे तसा दिवा होता. मी विचारलं, काका हो म्हणाले. मग जवळजवळ वर्षभर, महिन्यातून दोन रविवार, आम्ही वावरातल्या जांभळट बुरशीच्या बशा जेवणाच्या डब्यात घालून पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरायचो आणि तिथून अमरावतीची गाडी धरायचो. डब्यात काय आहे म्हणून कुणी विचारलं तर साहेब शांतपणे सांगत, "नासलेलं हाये."

काका गजकर्णाचे रोगी तपासत आणि मागच्या खोलीत आम्ही घड्याळ लावून बशांवर दिवा धरत असू. साहेब मधूनच दारातून त्या रोग्यांकडे बघत. एकदा काकांना त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, मानसाचं अंग तं मातीपेक्षा येगळं. गरम, खारट. तिथं बुरशी टिकते कशी?" काका म्हणाले, जी टिकते तिलाच आपण रोग म्हणतो. ते वाक्य साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

दुपारी ते दवाखान्याच्या बाकावर बसून आपली भाकरी खात. माझं घर तिथून चार गल्ल्या पलीकडे होतं. मी घरी जेवून परत येई. 'घरी चला' असं मी त्यांना वर्षभरात एकदाही म्हटलं नाही. आई काय म्हणेल, वडील काय म्हणतील, असा विचार करत राहिलो. त्यांनी ते कधी दाखवून दिलं नाही. मी निघालो की स्वतःच म्हणत, "जाऊन या, मी बसतो इथं. पाय दुखून राह्यले." आज वाटतं, ते पाय दुखणं माझ्या सोयीसाठी होतं.

दिव्याखालून गेलेल्या बुरशीच्या हजारो ठिपक्यांतून एक पांढरा ठिपका सापडला. त्याला गरम पाण्यात ठराविक वेळ धरलं की तो मरे. कपाशीच्या कुंडीत घातला तर एकही रोप मरत नसे. दोन्ही गुण एका झटक्यात गेले होते. पण साहेबांचं समाधान झालं नाही. "दोन खिडक्या एकाच दगडानं फुटल्या का दोन दगडानं, कसं सांगाचं?" गेलेले गुण परत येतात का, आणि एकदमच येतात का, हे पाहायला त्यांनी त्या पांढऱ्याला उपाशी ठेवायला सुरुवात केली. साखर बंद. कपाशीच्या काड्यांचा पातळ काढा, त्यात कमीजास्त ऊब. कितीतरी नळ्या. बहुतेक मेल्या. सात-आठ महिन्यांनी एका नळीत पांढऱ्याच्या कडेला एक जांभळट रेघ उगवली. ती वेगळी काढली. तिने गरम पाणी सोसलं. कुंडीत घातली. दहाव्या दिवशी पहिलं पान पिवळं पडलं, आणि महिन्याभरात कुंड्या ओस.

जे एकदम गेलं होतं ते एकदम परत आलं होतं. साहेबांनी शेवटचं मेलेलं रोप चिरून तपकिरी रेघ पाहिली आणि जमिनीवरच बसले.

"एकच हाये, देशपांडे. ज्यानं ऊन सोसते, त्यानंच मारते."

त्यांनी लेख लिहिला, इंग्रजीत, तीनदा टंकून, आणि एका संशोधन-नियतकालिकाला पाठवला. तो परत आला. सोबत शेरा होता: एकाच नळीवरून एवढा निष्कर्ष काढता येत नाही. मला राग आला. ते म्हणाले, "बरोबर हाये त्याईचं. पुन्हा करू. अजून दहा पांढऱ्या काढू." आणि बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा म्हातारे दिसले.

पुन्हा करायची वेळ आलीच नाही. आमच्या मोठ्या साहेबांनी कपाशीचा एक नवा वाण तयार केला होता. चांगला होता तो, धागा लांब, बोंड भरदार. तो मर सोसतो असंही चाचणीत ठरलं होतं, अर्थात त्या जुन्या पांढऱ्या बुरशीच्या चाचणीत. बियाणं वाटायची तारीख ठरली. तायडेसाहेब मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले, मला बरोबर घेऊन.

"साहेब, एकदा वावरातल्या ताज्या बुरशीवर पाहू. एक हंगाम द्या."

"एक हंगाम? तायडे, हीच बुरशी आपण नऊ-दहा वर्षं वापरतो आहोत."

"म्हनूनच सांगून राह्यलो साहेब. तिच्यात दम नाई राह्यला."

"हे तुम्ही कागदावर सिद्ध केलंय? तुमचा लेख तर परत आला म्हणे."

मोठ्या साहेबांनी चाचणीचा अहवाल आमच्यापुढे सरकवला. त्यावर एक ओळ होती: वापरलेली बुरशी पूर्णपणे रोगकारक असल्याची खात्री करून घेतली आहे. खाली दोन साहाय्यकांच्या सह्यांची जागा. तायडेसाहेबांनी सही करायला नकार दिला. संध्याकाळी मला एकट्याला बोलावणं आलं. मला नोकरीत कायम करायचा कागद त्याच टेबलावर होता. मोठ्या साहेबांनी नुसता तो कागद अहवालाच्या शेजारी सरळ करून ठेवला. बहिणीचं लग्न ठरत होतं. कारणं माणसाला नेहमीच असतात. मी सही केली. दुसरी सही त्यांनी भांडारपालाची घेतली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दिवा पेटवता पेटवता विचारलं, "केली?"

"केली."

"बरं."

दिवसभर आम्ही शेजारी शेजारी काम केलं. निघताना सायकलचं कुलूप काढत ते म्हणाले, "मी तुमाले दोष नाई देत. ते बी एक ऊनच हाये. कोनी सोसते, कोनी पांढरं पडते." आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी एक वेडेपणा केला. सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन सांगायला लागले, "ज्या वावरात मर दिसली हाये, तिथं नवी सरकी लावू नोका. दोन-तीन साल ज्वारी घ्या." सरकारी माणूस सरकारी बियाण्याविरुद्ध बोलतो, अशी तक्रार झाली. महिन्याभरात त्यांची बदली वरूडला, एका संत्र्याच्या रोपवाटिकेत झाली. तिथे प्रयोगशाळा नव्हती. साधा स्पिरिटचा दिवाही नव्हता.

जायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात तीन नळ्या दिल्या. वावरातली मूळ, पांढरी पडलेली, आणि परत आलेली. "साखर कमी द्या. दर सालाले पहिली अन् तिसरी पऱ्हाटीतून काढून घ्या, नाई तं ह्या बी आळशी होतीन. पांढरीले तेवढं थंडीत ठेवा. तिले काई सोसत नाई." तान्हं मूल सांभाळायला देताना बाई सांगते तसं सांगत होते.

नवं बियाणं पहिल्या वर्षी छान आलं. दुसऱ्या वर्षी, ऑगस्ट संपता संपता, बार्शीटाकळीच्या बाजूने लोक झाडं हातात घेऊन यायला लागले. एकाने व्हरांड्यात मोळी टाकली आणि विचारलं, "तो मरवाला साहेब कुठी हाये? त्यानं सांगतलं होतं, आमी नाई आयकलं." मोठे साहेब तोवर बढती होऊन दुसरीकडे गेले होते. कार्यालयाने पावसाला दोष दिला. मी खोडं चिरून पाहिली. मग एकदाची, दोन वर्षं उशिरा, मला थोडी हिंमत आली. साहेबांच्या पहिल्या नळीवर त्या वाणाची चाचणी घेतली, आणि माझी आधीची सही चुकीची होती असं लिहून अहवाल नव्या साहेबांकडे दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून डोळे चोळले, आणि बियाणं गाजावाजा न करता बंद झालं. कुणाला शिक्षा झाली नाही. तायडेंचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. मी ते घालायला हवं होतं, पण अहवालात तशी जागा नसते, असं मला सांगण्यात आलं, आणि मी मानलं.

त्यानंतरच्या मे महिन्यात चार दिवस वीज गेली. मी धाकट्या बहिणीच्या लग्नाला अमरावतीत होतो. परतलो तेव्हा थंड कपाटातून वास येत होता. पांढरी नळी मेली होती. दुसऱ्या दोन जिवंत होत्या.

हे सांगायला वरूडला जायचं मी वर्षभर टाळलं. शेवटी गेलो, ते साहेब आजारी असल्याचं कळल्यावर. एसटीतून उतरलो तेव्हा संत्र्याच्या पेट्या ट्रकवर चढत होत्या आणि सगळ्या गावाला सालीचा वास होता. साहेब रोपवाटिकेच्या एका खोलीत बाजेवर होते. पायाला सूज. दम लागत होता. हृदयाचं दुखणं आहे म्हणाले, जसं कुणी शेजाऱ्याविषयी सांगतं.

"बियानं बंद झालं म्हने?"

"हो."

"चांगलं केलं तुमी."

मी म्हटलं, "उशीर केला."

"केला," ते म्हणाले. खोटं बोलून माझी समजूत काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मग मी वीज गेल्याचं सांगितलं. पांढरी मेल्याचं सांगितलं. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आल्यासारखं झालं.

"बाकीच्या दोन राह्यल्या?"

"राहिल्या."

"मंग तिनं आपलं म्हननं खरं केलं न. ऊन नाई सोसलं." जरा थांबून श्वास घेतला. "पन आता लोकाईले दाखवाले काई नाई राह्यलं."

त्यांच्या पुतण्याने चहा आणला. आम्ही एकाच ताटलीतली बिस्किटं खाल्ली. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार होता.

"दिवा हाये काकाकडं. बशा हायेत. पांढरी पुन्हा काढता येते, एक सोडून दहा. लेखाची नक्कल माह्या पेटीत हाये, घेऊन जा. तुमी करा, देशपांडे. मी लय थकलो."

मी म्हणालो, "करतो."

दोन महिन्यांनी पुतण्याचं पोस्टकार्ड आलं. मी त्यांच्या गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांची आई ओसरीवर बसली होती. तिने मला ओळखलं नाही, आणि मीही ओळख दिली नाही. थोडा वेळ बसून उठलो.

पुढे कितीतरी वर्षांनी मी परदेशी नियतकालिकांत वाचलं, की झाडाला असो की माणसाला, रोग लावणाऱ्या कित्येक बुरशींमध्ये उष्णता आणि उपासमार सोसण्याची ताकद देणारे जीन आणि रोग करायला लावणारे जीन एकमेकांत गुंतलेले असतात, कधीकधी ते एकच असतात. ते दाखवायला लोकांनी वीस-वीस माणसांच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या होत्या. तायडेसाहेबांकडे टिनाची शेड होती आणि रविवार होते.

मी ते काम पुन्हा सुरू केलं नाही. काका म्हातारे झाले, दिवा विकला गेला. माझी बढती झाली, मुलं झाली, कागद वाढले. लेखाची नक्कल माझ्याकडे आहे. कुणी विचारलं तर मी सांगतो, त्या काळात साधनं नव्हती, वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी थकलो होतो. ऐकणारे मान डोलावतात. पण बोलता बोलता मलाच कळतं की हे कारण होऊ शकत नाही. थकलेले तर तेही होते. मी त्यांना ओळखत होतो त्या प्रत्येक दिवशी ते थकलेले होते, आणि त्यांनी जे काही केलं ते सगळं तसं थकलेले असतानाच केलं.